माउस कुणाच्या हातात आहे, ते आधी बघ

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, वर्गातली अर्धी मुलं मलाच कम्प्युटर शिकवतील अशी आहेत आणि उरलेली अर्धी माउसला हात लावायलाही घाबरतात. मी नेमकं शिकवू कुणाला?" घाईघाईत दोन शब्दांत उत्तर दिलं असतं तर ते तुझ्या काही कामाचं नव्हतं. तू बनारसमध्ये नुकती कुठे रुळते आहेस, आणि मी दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत संसार अन् इथल्या वर्गांत नोकरी करत मुरले आहे. म्हणून आज निवांत बसून सगळं सांगते. पटेल ते घे, नाही पटलं तर हक्कानं भांड.

सगळ्यात आधी, तू मनातल्या मनात केलेले ते दोन गट मोडून टाक. ‘येणारे’ आणि ‘न येणारे’ म्हणून तू जे बघते आहेस, ते बरेचदा ‘धीट’ आणि ‘बुजरे’ असतात. धिटाई असली की येत असतंच असं नाही, आणि बुजऱ्या मुलीला येत नसतं असंही नाही. एस्टर हार्गिताई आणि स्टीव्हन शेफर या दोन संशोधकांनी अमेरिकेत हे तपासून पाहिलं होतं. त्यांचा लेख २००६ साली आला. त्यांनी माणसांना प्रत्यक्ष इंटरनेटवर बसवून माहिती शोधायला लावली आणि "तुम्हाला हे कितपत जमतं?" असंही विचारलं. करून दाखवण्यात बायका आणि पुरुष यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. स्वतःचं मोजमाप करताना मात्र बायकांनी हात आखडता घेतला. अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या बायकांची ही गत, तर चंदौलीहून किंवा गाझीपूरहून पहिल्यांदाच शहरात आलेल्या आपल्या पोरीनं "मैम, हमसे नहीं होगा" म्हटलं, तर त्यात नवल ते काय? तू ते वाक्य ऐक, पण त्यावरून तिची पातळी ठरवू नकोस.

म्हणून वर्गात "किसको नहीं आता, हाथ उठाओ" असं कधीही विचारू नकोस. ज्याला येत नाही तो हात वर करत नाही, आणि जिला येतं तीही लाजून खालीच बघते. त्याऐवजी पहिल्याच तासाला सगळ्यांना एक साधं काम दे. एक फाइल तयार करा, तिला नाव द्या, सेव्ह करा, बंद करा आणि पुन्हा शोधून उघडा. मग तू काही न बोलता वर्गात फिर. दिवसभर रील बनवणारा मुलगा फाइल कुठे गेली ते शोधत बसलेला दिसेल. फोनमध्ये सगळं आपोआप गॅलरीत जाऊन पडतं, त्यामुळे फोल्डर म्हणजे काय हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो. आणि मागच्या बाकावरची एखादी गप्प मुलगी निमूटपणे काम संपवून हात मांडीवर ठेवून बसलेली असेल. विचारलंस तर कळेल, तिनं सीसीसी केलेलं आहे. आपल्याकडे जशी एमएससीआयटी, तसा इथे सरकारी नोकरीच्या आशेनं मुलं हा कोर्स करतात. प्रमाणपत्र फायलीत पडून असतं, पण आजवर तिला कुणी काही करायला सांगितलेलंच नसतं.

आता या बुजरेपणाचं मूळ कुठे आहे, ते बघ. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची ‘असर’ नावाची पाहणी तुला ठाऊक असेल. २०२३ च्या पाहणीत त्यांनी ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींकडून फोनवर छोटी छोटी कामं करून घेतली. गजर लावा, एखादी माहिती शोधा, नकाशावर रस्ता बघा, यूट्यूबवर व्हिडिओ शोधून कुणाला तरी पाठवा. जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि तो वापरता येतो म्हणणाऱ्यांचं प्रमाणही तेवढंच मोठं होतं. पण वापरणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन किती जणांकडे होता? मुलग्यांत ४३.७ टक्के, मुलींत १९.८ टक्के. कामं करून दाखवण्यातही मुलगे पुढेच होते. मला यात बुद्धीचा फरक दिसत नाही, सरावाला मिळालेल्या वेळेचा फरक दिसतो. ज्याच्या खिशात फोन आहे तो रात्री अकरा वाजता एकटा बसून चार चुका करून शिकतो. जिला भावाचा फोन अर्ध्या तासासाठी मिळतो, तिच्या खांद्यावरून भाऊ बघत असतो. तिला चुका करायला मोकळीक कुठे आहे?

हे ध्यानात ठेवलंस की तुझ्या वर्गाचे साधे नियमही बदलतील. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा म्हणून जो नंबर आहे तो बहुधा वडिलांचा किंवा भावाचा असतो. रात्री नऊला टाकलेली सूचना तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळते. म्हणून महत्त्वाची सूचना फळ्यावरही लिही, आणि काम जमा करायला मध्ये एक पूर्ण दिवस ठेव. घरून ऑनलाइन बोलायची वेळ आली तर कॅमेऱ्याची सक्ती करू नकोस. मदनपुऱ्यात किंवा बजरडीहात ज्या घरात एकाच खोलीत हातमाग आणि सगळं कुटुंब आहे, तिथल्या मुलानं किंवा मुलीनं पाठीमागची भिंत कुणाला का दाखवावी? आणि लॅबची एक वेळ अशी ठेव की तेव्हा तास नसेल, गुण नसतील, कुणी मागे उभं नसेल. मुलींना गाव गाठायचं असतं, शेवटची ऑटो सुटायच्या आत ही वेळ ठेव. चारच जणी येतील, येऊ देत. त्यांच्यासाठी ती घरात न मिळालेली मोकळीक आहे.

अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो. सगळ्यात भक्कम वाट म्हणजे स्वतः काहीतरी करून ते जमल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना बघणं. तिसरी, विश्वासातल्या माणसाचे शब्द. आणि चौथी, त्या क्षणी शरीर काय सांगतंय, म्हणजे छाती धडधडते आहे की श्वास संथ आहे. आपण शिक्षक मंडळी सगळा जोर तिसऱ्या वाटेवर देतो. "अरे जमेल, घाबरू नका" म्हणत राहतो. शब्द हवेतच, पण पहिल्या वाटेनं एक पाऊलही पडलं नसेल तर शब्द वाऱ्यावर जातात.

त्यासाठी आधी एकच बघ, माउस कुणाच्या हातात आहे. लॅबमध्ये मशीन कमी आणि मुलं जास्त, म्हणून एका मशीनवर दोघं-तिघं बसतात. ज्याला येतं तो पटकन माउस ओढून घेतो. बाकीचे मान डोलावतात, शेवटी सगळे मिळून "हो गया मैम" म्हणतात आणि आपण पुढे सरकतो. अशा वेळी झालेलं असतं एकाचंच. दुसऱ्याच्या हातात लाटणं देऊन पोळी शिकता येत नाही, बाई. म्हणून नियम कर. जोडीत ज्याला येतं त्यानं फक्त तोंडानं सांगायचं, हात पाठीमागे. ज्याला येत नाही त्याच्या हातात माउस. दहा मिनिटांनी अदलाबदल. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसंसुद्धा अशी जोडीनं बसतात, एक चालवतो आणि दुसरा वाट दाखवतो. यात धीट मुलाचंही भलं होतं. जे हात आपोआप करतात ते शब्दांत सांगायची वेळ आली की त्यालाच कळतं, आपल्याला यातलं किती समजलं आहे.

जोड्या लावतानाही विचार कर. वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाबरलेली अशी जोडी लावलीस तर ती आणखी आक्रसते. जिला कालच जमलं, तिला आज अडलेलीच्या शेजारी बसव. बांडुरा म्हणतो ती दुसरी वाट हीच. "ही माझ्याच गावाकडची, माझ्यासारखीच बोलणारी, आणि हिला आलं" हे डोळ्यांनी दिसलं की अर्धी भीती तिथेच सरते. आणि तुझ्या वर्गात दृष्टिहीन मुलगा असेल तर त्याला सूट देऊन बाजूला बसवू नकोस. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी, मायकल करन आणि जेम्स तेह यांनी, २००६ पासून ते उभं केलं. ते हिंदीही वाचतं, मराठीही वाचतं. ते वापरणारी मुलं माउसला हात न लावता नुसत्या कीबोर्डवर इतक्या झपाट्यानं काम करतात की बाकीचे बघत राहतात. अशा मुलाला एखाद्या दिवशी कीबोर्डचे शॉर्टकट शिकवायला पुढे बोलाव. त्याला शिकवताना बघितलं की मदत घेणारे कोण आणि देणारे कोण, याबद्दलचं वर्गाचं मत कायमचं बदलेल.

भाषेचंही सांगते. इथली कितीतरी मुलं बारावीपर्यंत हिंदीतून शिकलेली असतात, घरी भोजपुरी बोलतात. स्क्रीनवर ‘सबमिट’, ‘अटॅच’, ‘अपलोड’ हे शब्द इंग्रजी लिपीत दिसले की त्यांना वाटतं, आपल्याला कम्प्युटर येत नाही. खरं तर अडलेलं असतं इंग्रजी. त्यांना फोनची आणि कम्प्युटरची भाषा हिंदी करून दाखव. आणि देवनागरी टायपिंग शिकवच. तू महाराष्ट्रातून इनस्क्रिप्ट शिकून आली असशील तर तेच इथे चालतं, अक्षरांच्या जागा हिंदीला आणि मराठीला सारख्याच असतात. इथे अजून पुष्कळ जण कृतीदेवमध्ये टाइप करतात, आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मुलाला वाटतं, माझंच चुकलं. त्याला सांग, चूक तुझी नाही, जुन्या फाँटची आहे, युनिकोडमध्ये लिही. अगं, याच शहरात १८९३ साली शाळकरी वयाच्या विद्यार्थ्यांनी नागरी प्रचारिणी सभा उभी केली. याच शहरात मराठी घरात जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी ‘आज’ दैनिकातून हिंदी पत्रकारितेला वळण दिलं. त्या बनारसच्या मुलांना आपल्या लिपीत चार ओळी टाइप करायची धास्ती वाटावी, हे मला सहन होत नाही. तुलाही होऊ देऊ नकोस.

आता एक गोष्ट, जी कुठल्याही अभ्यासक्रमात नाही आणि जिच्यासाठी तू अख्खा एक तास राखून ठेवावास असं मला मनापासून वाटतं. मुलांना विचार, तुमचा ईमेल कुणी काढून दिला? बहुतेक म्हणतील, "कैफे वाले भैया ने." इथल्या लंका भागातल्या फोटोकॉपीच्या दुकानांत, गावच्या जनसेवा केंद्रांत प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, परीक्षेचे फॉर्म भरले जातात. विद्यापीठ प्रवेशाची सीयूईटी परीक्षा आली तशी त्यात आणखी भर पडली. दुकानदार ईमेल काढतो, पासवर्ड ठरवतो, कधी कधी नंबरही स्वतःचाच टाकतो. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि मुलगी तासन् तास दुकानाबाहेर उभी राहते. तिच्या गुणपत्रिकेची, शिष्यवृत्तीची, डिजिलॉकरची किल्ली परक्याच्या खिशात असते. एका तासात सगळ्यांना स्वतःचा ईमेल काढायला, नाहीतर जुन्याचा पासवर्ड बदलायला शिकव. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहू नये, मैत्रिणीलाही सांगू नये, ओटीपी कुणालाही देऊ नये, हे समजावून सांग. आपली किल्ली आपल्या हाती आली की मान कशी ताठ होते, ते मी या मुलींमध्ये पाहिलं आहे. आत्मविश्वासावर शंभर भाषणं दिलीस तरी एवढं साधणार नाही.

आता धीट मुलांकडे येऊ, कारण त्यांनाही तुझी गरज आहे. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि तेव्हापासून वर्गात एक नवीच ऐट आली आहे. प्रश्न टाकायचा, छापील गुळगुळीत उत्तर घ्यायचं, जमा करायचं. अशा मुलांना रागावून काही होत नाही. त्यांना असं काम दे की पडद्यावरचं उत्तर जमिनीवर तपासावं लागेल. तू इतिहास शिकवतेस आणि राहतेस बनारसमध्ये, याहून मोठं भाग्य कोणतं? मणिकर्णिकेजवळचं, शिंदे घाटाच्या बाजूचं ते कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ घे. त्याच्याबद्दल फोनवर किती गोष्टी फिरतात! कुणी म्हणतं मातृऋण फेडायला बांधलं आणि आईच्या शापानं वाकलं, कुणी म्हणतं अहिल्याबाईंच्या दासीनं बांधलं, कुणी पिसाच्या मनोऱ्याशी तुलना करून मोकळं होतं. वर्गाला सांग, इंटरनेटवर जे मिळेल ते गोळा करा, मग घाटावर जा, फोटो काढा, तिथल्या माणसांशी बोला, लायब्ररीतलं पुस्तक उघडा, आणि प्रत्येक विधानापुढे लिहा की हे कुणी सांगितलं आणि त्याला आधार काय.

आणि मग बघ काय होतं ते. गाभाऱ्यात किती महिने पाणी असतं, पूर ओसरल्यावर गाळ कसा काढतात, हे नाव चालवणाऱ्या मल्लाहांच्या घरातल्या पोराला जन्मापासून ठाऊक असतं. मशीनसमोर आवाज न फुटणारा तो पोरगा अचानक वर्गाचा साक्षीदार होतो, आणि झपझप बोटं चालवणारे त्याच्याकडे वळून विचारतात, "भाई, ये सही है क्या?" धिटांना थोडी शंका यायला लागते, बुजऱ्यांना थोडा आवाज फुटतो. वर्गात तंत्रज्ञान आणायचं ते याचसाठी. अशा तासाला तू भोसले घाट घे, अहिल्याबाई घाट घे, बनारस हिंदू विद्यापीठाची ४ फेब्रुवारी १९१६ ची कोनशिला घे, विषयांना तोटा नाही.

मात्र जिथे खडू-फळ्यानं काम भागतं तिथे मशीन लावू नकोस. युनेस्कोनं २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला, त्याचा सूरही हाच होता की शिकणाऱ्याचं हित आधी बघावं, यंत्र मागून यावं. स्मार्ट बोर्डावर पुस्तकाचीच पानं दाखवायची असतील तर पुस्तक पुरे आहे. प्रोजेक्टर बंद पडला तर चेहरा पाडू नकोस. मोठ्यानं बोलत दुरुस्त कर, "आधी वायर बघते, मग सेटिंग बघते, नाही झालं तर विचारते." बाईंनासुद्धा शोधावं लागतं, विचारावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही, हे मुलांना पुस्तकातून कधीच कळणार नाही, तुझ्याकडे बघूनच कळेल. स्टाफरूममधल्या वयानं मोठ्या गुरुजींशीही असंच वाग. त्यांचे गुण पोर्टलवर तू भरून देऊ नकोस. शेजारी खुर्ची ओढून बस आणि त्यांच्या हातून भरून घे. त्यांच्याकडे चाळीस-चाळीस वर्षांचं ज्ञान आहे, एका लॉगिनपायी त्यांची मान खाली जायला नको.

या सगळ्याला वेळ लागेल. अभ्यासक्रम मागे पडतोय म्हणून वर्गातलं कुणीतरी कुरकुरेल, कदाचित वरूनही विचारणा होईल. तेव्हा ठाम राहा. पहिल्या महिन्यात हातांना सराव मिळाला तर पुढचे महिने भराभर जातात, आणि नाही मिळाला तर तीच अर्धी मुलं तिन्ही वर्षं दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत डिग्री घेतात. पुढे नोकरीच्या परीक्षेला, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे त्यांना कुणाला तरी विचारत उभं राहावं लागतं. आपल्या वर्गातून कुणी असं परावलंबी होऊन बाहेर पडू नये, एवढी जबाबदारी आपली आहेच.

तेव्हा सोमवारी लॅबमध्ये जाशील तेव्हा एक वही बरोबर ने. कुणाच्या हातात माउस होता, एवढंच लिहून ठेव. महिनाभरात प्रत्येक नावापुढे खूण व्हायला हवी. ज्यांच्यापुढे होणार नाही, त्यांच्यापासून पुढचा महिना सुरू कर. आणि अडलीस तर ये, रविवारी मी घरीच असते.